चोविसावा कागद

पर्यावरण या शब्दावर एके काळी माझा फार जीव होता. एम.एस्सी. मी त्यातच केलं. भद्रावतीला आमच्या कॉलनीत कोणी बाबांना विचारलं, पोरगी काय शिकते, की ते छाती फुगवून 'पर्यावरण' म्हणायचे आणि समोरचा विचारायचा, म्हणजे झाडं लावायची ना? माझा भाऊ धम्मदीप पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो. त्याच्या तोंडीही दिवसभर 'एन्व्हायर्नमेंट'च असतं, पण त्यात झाडाचं पानसुद्धा नाही. त्याचा प्रोग्राम जिथे चालतो ती जागा, एवढंच. आईच्या दम्याचे डॉक्टर 'वातावरण जपा' म्हणतात तेव्हा त्यांना धूळ आणि गारठा म्हणायचा असतो. बाबा कारखान्यातून तणतणत येऊन 'आमच्याकडचं वातावरण बिघडलं' म्हणाले की समजायचं, साहेब बदलला. मी या सगळ्यांना हसायची. खरं पर्यावरण काय ते फक्त आपल्याला कळतं, असा माझा तोरा होता.

मग मला नोकरी लागली. खाण वाढवायची असली की आसपासच्या मुलखाचा अभ्यास करून अहवाल द्यावा लागतो, तो करून देणारी एक संस्था नागपुरात होती. तिथे पर्यावरणाचे पाच तुकडे केलेले होते: हवा, पाणी, आवाज, जीवसृष्टी आणि माणसं. प्रत्येक तुकड्याला वेगळा माणूस आणि वेगळी फाइल. पाणीवाल्याने हवेत नाक खुपसायचं नाही आणि हवावालीने माणसांत. माझ्या वाट्याला हवा आली. आमचे प्रमुख गुणवंतराव यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की जंगलातलं स्टेशन, म्हणजे मोजणीचं ठिकाण, पोरींच्यानं सांभाळवत नाही, दोन आठवड्यांत रडत परत येतात. मी तिथेच ठरवलं की या माणसाला दाखवून द्यायचं.

माझ्या वाट्याला आलेलं गाव जांभुळटोला. चाळीसेक घरांचं, एका बाजूला दूरवर खाणीचे ढिगारे आणि दुसऱ्या बाजूला थेट जंगल. काम साधं होतं. एक यंत्र हवा ओढून घेतं, त्यातली धूळ एका गोल पांढऱ्या कागदावर बसते आणि नंतर त्या कागदाचं वजन करतात. एक कागद चोवीस तास. मध्ये यंत्र थांबलं तर तो कागद फुकट. आठवड्याला दोन, असे बारा आठवड्यांत चोवीस कागद भरायचे होते, जानेवारी ते मार्चअखेर.

मी राहायची गिरजाबाईंकडे. साठीच्या, गोंड समाजातल्या, बोलायला कमी आणि बघायला फार. त्यांचा मुलगा मिरची तोडायला तेलंगणात गेला होता. घरी त्या आणि त्यांची सून बुधरी, दोघीच. बुधरी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण मला चूल पेटवता येत नाही हे कळल्यापासून ती माझी आईच झाली होती. माझ्या 'जय भीम'ला ती हसून 'जोहार' म्हणायची आणि ताटात भाताचा आणखी एक डाव टाकायची.

वीस कागद ग्रामपंचायतीच्या गच्चीवर भरले. मग गुणवंतराव आले, आकडे बघून त्यांनी नाक मुरडलं. गच्चीवर चुलींचा धूर येतो म्हणाले, यंत्र जंगलाच्या कडेला मोकळ्यात न्या आणि जनरेटरवर चालवा. तसं मी केलं. यंत्र एका पडीक वावरात ठेवलं, आणि जनरेटरचा धूर कागदावर बसू नये म्हणून तो तिथून तीस पावलांवर, जंगलाच्या बाजूला. त्याच्या पलीकडे मोहाची झाडं सुरू व्हायची.

आणि मार्चअखेरीला मोह गळतो. पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो, तो ऊन चढायच्या आत वेचायचा. प्रत्येक घराची झाडं ठरलेली. बायका एकमेकींपासून पन्नास-पन्नास पावलांवर, आपापल्या झाडाखाली उकिडव्या बसून वेचतात. उकिडवं बसलेलं माणूस जनावरासारखं दिसतं आणि वाघ त्यालाच धरतो, हे या जिल्ह्यात पोरासोरांनाही माहीत आहे. म्हणून त्यांच्या दोन रीती आहेत. पहिली, झाडाखालचा पाचोळा आधी पेटवायचा. फूल दिसतं, जमीन मोकळी होते आणि धूर असला की जनावर, म्हणजे वाघ-बिबट, लांबून जातं. दुसरी, वेचता वेचता एकीने 'कूऽऽ' करायचं आणि बाकीच्यांनी पाठोपाठ ओ द्यायची. जिची ओ आली नाही तिच्याकडे सगळ्यांनी आरडाओरडा करत धावायचं. मधल्या वेळात कान वानरांकडे, कारण जनावर दिसलं की ती खाकरतात.

त्या धुराने माझे दोन कागद काळे केले. तेव्हा मी गिरजाबाईंच्या अंगणात सगळ्या बायकांना गोळा केलं आणि भाषणच ठोकलं. या कागदावर तुमच्या पाचोळ्याचा धूर बसला तर खाणवाले उद्या म्हणतील, धूळ आमची नाही, गावच्याच बायका जंगल जाळतात. माझा कागद स्वच्छ राहिला तरच खाणीची धूळ खाणीच्या नावावर लागेल. शेवटचे दोनच कागद उरलेत, त्या दोन दिवसांत आग लावू नका. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. तेच तर वाईट आहे. शहाणी पोरगी भल्याचं बोलते म्हणून त्या ऐकत गेल्या.

गिरजाबाईंनी एवढंच विचारलं, की हवा तुझ्याकडे, तर बाकीचं कोणाकडे? मी पाची फायली सांगितल्या. त्यांनी थोडा विचार केला.

"मंग जनावर कोनाच्या फायलीत हाये?"

मी म्हटलं, जीवसृष्टीवाल्यांच्या. ते जानेवारीत तीन दिवस राहून यादी करून गेले. आता त्यांचं काम संपलं.

"म्हंजे आता थे कोनाकडंच नाई," त्या म्हणाल्या आणि सुपातलं धान्य पाखडायला लागल्या. मला वाटलं, अडाणी बाई, पद्धत कळत नाही. आज तो विचार आठवला की स्वतःचं तोंड बडवावंसं वाटतं.

तेविसावा कागद सुरळीत पार पडला. चोविसावा मी सकाळी आठला लावला. रात्री पेट्रोल टाकायला कोलूभाऊ दोन गड्यांना घेऊन डबे वाजवत जाऊन आले. कोलूभाऊ म्हणजे वनखात्याने गावात नेमलेल्या मदत पथकातले. रोज पहाटे बायकांच्या आधी जाऊन, माती बघून, पाऊलखुणा नाहीत म्हटल्यावर ते बायकांना सोडायचे. त्या पहाटे मात्र शेजारच्या गावात जनावराने गाय मारली म्हणून त्यांना बोलावणं आलं. गिरजाबाई म्हणाल्या, कोलू येईपर्यंत थांबू. बुधरी म्हणाली, तोवर हरणं सगळा मोह खाऊन जातील. शेवटी जरा उजाडल्यावर निघायचं ठरलं. गिरजाबाई, बुधरी, आणखी दोघी आणि मागून मी, हातात नोंदवही घेऊन.

गिरजाबाई जवळच्या झाडाखाली बसल्या. दोघी डावीकडे गेल्या. बुधरीचं झाड सगळ्यात लांब, नाल्याच्या काठाला. तिची लाल साडी मला यंत्राजवळून दिसत होती. पाचोळा तसाच पडलेला, कुठे धुराची रेघ नाही. माझं सांगणं त्यांनी पाळलं होतं. मी खूश होऊन सहाची नोंद केली.

साडेसहाला सहज वर पाहिलं, तर नाल्याकाठच्या झाडावर वानरं होती. सगळी एकाच बाजूला तोंड करून. एक मोठा हुप्प्या फांदी गदागदा हलवत होता आणि त्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, उघडत होतं. मला काहीच ऐकू येत नव्हतं.

ते समजायला मला क्षणभर लागला. जनरेटरच्या घरघरीशिवाय या वावरात दुसरा आवाजच नव्हता. वानराचा खकार नाही, 'कूऽऽ' नाही, ओ नाही. बायका अर्धा तास एकमेकींना हाका मारत असतील नसतील, कोणाचं कोणाला पोचत नव्हतं. आवाजवाला त्याचं यंत्र घेऊन जानेवारीत एक दिवस येऊन गेला होता. तेव्हा जनरेटर नव्हता. जनरेटर आमचाच, म्हणून तो कोणाच्याच फायलीत नव्हता. आणि धूर तर मीच बंद केला होता.

मी बुधरीच्या नावाने ओरडले. माझं मलाही नीट ऐकू आलं नाही. गिरजाबाईंकडे हात हलवले, त्यांची पाठ वाकलेली, त्या बघेनात. बुधरी खाली वाकलेली होती, लाल ठिपका हलत नव्हता. पळावं तर कुठे, बुधरीकडे की गावाकडे? पाय गावाकडे वळत होते, हे मी लपवणार नाही. पण जनरेटर बंद करायला हवा एवढं डोक्यात शिरलं आणि मी ती तीस पावलं गेले. जनरेटरपाशी पोचले, बटणावर हात ठेवला.

आणि दाबलं नाही.

आता हे लिहिते ते कोणी विचारलंय म्हणून नव्हे. माझी नजर घड्याळावर गेली. सहा पस्तीस. आठला कागद पूर्ण होणार. बारा आठवडे, तेवीस कागद, आणि या चोविसाव्याचे जेमतेम दीड तास उरलेले. डोक्यात एकदम दहा गोष्टी आल्या. बिबट असेल. कुत्रंही असेल, वानरं कुत्र्यालाही ओरडतात. बुधरी जंगलातली आहे, तिला कळेल. बंद केला आणि काहीच नसलं, तर गुणवंतराव काय म्हणतील ते मला शब्दाशब्दाने ऐकू येत होतं: पोरगी वानराला भ्यायली. मी तिथे उभी राहिले. हाताखाली ते लोखंड थरथरत होतं. किती वेळ? मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होते, चार-पाच सेकंद.

नाल्यातून चितळांचा कळप उसळून बाहेर आला आणि माझ्या अंगावरूनच जातो की काय असा निघून गेला. तेव्हा मी बटण दाबलं.

घरघर थांबली आणि मग सगळं एकदम ऐकू आलं. वानरांचा खकार, पलीकडे मोर, चितळाची शीळ. हे सगळं इतका वेळ चालूच असणार. गिरजाबाई ताडकन उभ्या राहिल्या. त्यांनी 'कूऽऽ' केलं. डावीकडून एक ओ आली, मग दुसरी. तिसरी आली नाही.

गिरजाबाईंनी पुन्हा हाक दिली. तिसरी नाही.

त्या बाईंच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते पुन्हा कोणाच्या चेहऱ्यावर पाहावं लागू नये. त्यांनी टोपली आपटली, काठी उचलली आणि नाल्याकडे चालू लागल्या. मागून दोघी डबा बडवत, शिव्या देत, ओरडत. मी धावत जाऊन गिरजाबाईंना गाठलं आणि त्यांच्या पदराला धरून चालले. खरंच धरून. एम.एस्सी. झालेली मी त्या साठीच्या बाईच्या पाठीआड लपले होते आणि रडत होते. लाल ठिपका होता तिथे आता नुसता पाचोळा दिसत होता.

मग झाडाच्या बुंध्याआडून बुधरी निघाली. उलटी चालत. एक टाच मागे, मग दुसरी, अगदी सावकाश. मोहाची टोपली तिने दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरली होती, म्हणजे माणूस मोठं दिसतं. डोळे समोरच्या करवंदीच्या जाळीवर. तिने मान वळवली नाही, तोंड उघडलं नाही, आमच्यापर्यंत आली तरी नाही. गिरजाबाईंनी मागून तिला कवेत घेतलं तेव्हा टोपली पडली. जाळीमागचं गवत एका बाजूला हललं. वारा नव्हता. आम्ही पाची जणी एकमेकींना चिकटून, ओरडत, मागे मागे सरकत वावरात आलो. मी जनावर पाहिलं नाही. न पाहिल्यामुळे ते अजून मला प्रत्येक झुडपामागे दिसतं.

कोलूभाऊ नऊला आले आणि जाऊन माती बघून परतले. वाघीण, सोबत दोन पिल्लं. जाळीत बराच वेळ बसली होती. बुधरीच्या झाडापासून वीस पावलं, माझ्या जनरेटरपासून चाळीस.

"तिलेबी तुमी ऐकू आल्या नाई," ते म्हणाले. "नाईतर पिल्लंवाली माणसाचा आवाज आला का निंगून जाते. थे मशिनीच्या घरघरीत झोपून राह्यली, अन् तुमी तिच्या अंगावर गेल्या."

गिरजाबाईंनी आगपेटी घेतली, दोघींना सोबत घेतलं आणि चारी झाडांखालचा पाचोळा पेटवून आल्या. धूर वावरभर पसरला, माझ्या यंत्रावरून गेला, गावात आला. मी दारात उभी राहून तो नुसता पाहत होते.

दहा वाजता मी गुणवंतरावांना फोन लावला. आवाज आवरून सांगितलं की जनावर आलं होतं, यंत्र बंद करावं लागलं, कागद बावीस तास पस्तीस मिनिटांवर थांबला. त्यांनी विचारलं, कोणाला लागलं तर नाही ना? नाही म्हटल्यावर म्हणाले, मग कशाला एवढी घाबरतेस, चोवीस लिहून टाक, दीड तासाने काय होतं. आणि नकाशाच्या फाइलबद्दल काहीतरी विचारत राहिले. मला पुढचं ऐकू आलं नाही. दीड तासाने काहीच होत नव्हतं. मला ते माहीत असतं तर मी बटण लगेच दाबलं असतं, आणि हेच मला सगळ्यात भयानक वाटलं.

दुपारी बुधरी भिंतीला टेकून बसली होती. अंगावर घोंगडी, तरी दात वाजत होते. मी जवळ जाऊन बसले. गिरजाबाईंनी दोघींच्या मध्ये कोऱ्या चहाची एकच वाटी ठेवली आणि आत गेल्या. बुधरीने दोन घोट घेतले, मग बोलू लागली. हळूच, जणू अजूनही ते जनावर ऐकत होतं.

"मी मान वर केली तं थे समोर. बसेल. मले पाहून राह्यली होती. मीबी तिच्याकडं पाहात राह्यलो. डोळा हालवला असता तं उडी मारली असती तिनं."

मी तिचा हात धरला.

"डोळ्याच्या कोपऱ्यातून तू दिसत होती, ताई. मशिनीपाशी. तुहा हात मशिनीवर होता. मी मनात म्हनत होतो, आता बंद करन, आता बंद करन. एकडाव बंद झाली का मायले हाक मारन अन् साऱ्या धावतीन." तिने घोंगडी आणखी ओढून घेतली. "लय येळ लागला. मी इकडं शंभरपर्यंत मोजलं. पुढचे आकडे आठवेनात म्हनून परत एकपासून मोजलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे वळली आणि खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं तिने विचारलं, "बटन अटकलं होतं का?"

आत चुलीपाशी गिरजाबाईंची हालचाल थांबली. मला वाटतं, थांबली.

"हो," मी म्हटलं.

"मले वाटलंच," बुधरी म्हणाली. "मशिनीचा काई भरवसा नाई. तुहा जीव किती घाबरला असन तिथी." मग तिने चहाची वाटी माझ्याकडे सरकवली. "घे, तुहे हात कापून राह्यले."

मी वाटी घेतली आणि उरलेला चहा पिऊन टाकला.